बाजीच्या दातांना परका हात लागेल का?

मावशी,
आम्ही विट्याजवळ मळ्यात राहतो. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या जतच्या मित्राने कारवानी जातीचं कुत्र्याचं पिल्लू दिलं. त्याचं नाव बाजी. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला मार्क कमी पडल्यापासून गप्पच असतो, जे काही बोलतो ते बाजीशी. मागच्या थंडीत एका कृषी प्रदर्शनात एकाने बाजीला बघून “हा नंबर काढणार, डॉग शोला उतरवा” असं सांगितलं. तेव्हापासून पोराने हट्ट धरलाय. मिस्टर म्हणतात, “कुत्रं राखणीला असतं, मिरवायला नसतं.” सासूबाई त्यांच्याच बाजूने. तो प्रदर्शनातला माणूस आता फोन करून सांगतो की एकदा बक्षीस मिळालं की पैदाशीसाठी मागणी येईल, पैसे मिळतील. आणि हो, बाजी घरच्यांशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. चावत नाही, पण अंग चोरतो, कधी गुरगुरतो. पोराचं मन मोडवत नाही आणि घरात रोज कटकट. काय करू?
– एक आई, सांगली जिल्हा

बाई गं,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू शेवटी, जाता जाता लिहिली आहेस. बाजी परक्याला हात लावू देत नाही. नवरा, सासूबाई, तो फोनवाला, सगळे जरा बाजूला राहू देत. आधी याचंच बोलू.

कारवानीचा हा स्वभावच आहे. लॅब्राडोर दारात आलेल्या कुरिअरवाल्याच्याही गळ्यात पडेल. कारवानी लांबून माणूस जोखतो आणि घरचे सोडून कुणाचा हात अंगावर आलेला त्याला खपत नाही. माळरानावर, वस्तीवर राखण करत आणि सशामागे धावत वाढलेली ही जात. तेव्हा बाजी बिघडलेला नाही आणि तुझ्या पोराचं शिकवायचं काही चुकलेलंही नाही. हे त्याला आधी सांग. मार्क कमी पडल्यावर गप्प होणारी मुलं असले दोषही स्वतःच्याच माथी घेतात.

आता शोच्या रिंगणात काय होतं ते सांगते, म्हणजे मी हातावर एवढा जोर का देते ते कळेल. पोराच्या दंडाला नंबर लावतील. त्या वर्गातल्या सगळ्या कुत्र्यांना गोल धावायला लावतील, कुत्रा पोराच्या डाव्या हाताला, म्हणजे मध्ये उभ्या असलेल्या परीक्षकाला तो सतत दिसतो. मग एकेकाला पुढे बोलावतात. चारही पाय नीट रोवून कुत्र्याला उभं करायचं. परीक्षक समोरून येतो, ओठ वर करून दात बघतो. मग त्याचे हात मानेवरून खांद्यावर, बरगड्यांवर, कंबरेवरून मागच्या मांड्यांपर्यंत जातात. नर असेल तर दोन्ही अंडकोश खाली उतरलेत का, तेही हाताने चाचपून बघतो. मग सरळ रेषेत किंवा त्रिकोणात पळवून चाल बघायची. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. पण त्यासाठी सकाळपासून अनोळखी मैदानावर, शंभर अनोळखी कुत्र्यांच्या वासात थांबायचं असतं.

आमच्याकडे चांदणी नावाची पश्मी होती. पश्मी म्हणजे कान-शेपटीला रेशमी झालर असलेली कारवानीचीच बहीण. दिसायला अशी देखणी की रस्त्यातले लोक गाडी थांबवून बघायचे. त्या कौतुकाने मी हुरळले आणि तिला एका शोला घेऊन गेले. तयारी काय केली होती? आंघोळ घातली, नखं कापली आणि नवा पट्टा आणला, एवढीच. परीक्षक भला माणूस होता, त्याने घाई केली नाही. पण त्याचा हात जबड्याशी आला तशी चांदणी पोटावर बसली, जमिनीला अगदी चिकटली, आणि तिथेच जाजमावर तिला लघवी झाली. दोरीबाहेर कुणीतरी हसलं. मला इतकी लाज वाटली की मी पट्टा वर खेचून तिला उभी केली. तो हिसका माझा होता. घरी येताना गाडीत तिने सीटखाली तोंड घातलं ते वर काढलं नाही. त्या पट्ट्याची कडी वाजली की आधी दारात नाचायची. त्यानंतर कितीतरी दिवस कडी वाजली की पलंगाखाली जायची. इतकी वर्षं झाली, मला तिचं पलंगाखालून दिसणारं नाक अजून आठवतं.

म्हणून माझं सरळ उत्तर: या हंगामात बाजीला उतरवू नका. आपल्याकडे शो बहुतेक थंडीत होतात. पुढची थंडी यायला वेळ आहे. तोवर बाजीला परका हात शिकवायचा, आणि तो शिकतो की नाही यावर पुढचं ठरवायचं. ठरवणारा बाजी. घरातल्या कुणाचंही मत त्याच्यापुढे चालणार नाही, माझंसुद्धा.

शिकवायचं पोरानेच. सुरुवात त्याच्याच हाताने. रोज दोन-तीन मिनिटं, जेवणाआधी. मानेवर हात, उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा. खांद्यावर हात, तुकडा. असं करत मागच्या पायांपर्यंत यायचं. ते जमलं की तुझ्या मिस्टरांनी तसंच करायचं, मग शेजारच्या वस्तीवरच्या कुणीतरी. परक्याने आधी नुसतं जवळ उभं राहायचं, मग बाजूने खांद्याला हात, डोक्यावरून खाली येणारा हात अगदी शेवटी. बाजी अंग चोरायच्या आत थांबायचं. हे “आत” फार महत्त्वाचं आहे. ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं, यातलं काही दिसलं की हात मागे. आणि गुरगुरला तर त्याला ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे “बास” असं सांगणं आहे. ते सांगितल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

दिवाळीनंतर एका रविवारी पाच वेगवेगळी परकी माणसं बोलवा, एखादा टोपीवाला, एखादी चष्म्यातली बाई, एखादा धिप्पाड गडी. प्रत्येकाने दात बघायचे, अंगावरून हात फिरवायचा. बाजी सैल शेपटीने उभा राहिला आणि नंतर त्याच माणसाच्या हातून कलेजी खाल्ली, तर शोचा विचार करा. कलेजी समोर असून तोंड फिरवलं, तर विषय मिटला. ज्याला कलेजी गोड लागत नाही तो घाबरलेला असतो.

त्याआधी पोराला बाजीशिवाय एक शो बघायला पाठव, जमलं तर बापासोबत. आणि इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. कृषी प्रदर्शनातला शो घरचा, सोपा वाटतो. कुत्र्यासाठी तोच जास्त अवघड असतो. शेजारी लाऊडस्पीकर, ट्रॅक्टरचे स्टॉल, दोरीला टेकलेली गर्दी, मोबाइल घेऊन आत वाकणारी मुलं. चेन्नईला मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमाने होणारे शो जास्त शिस्तीचे असतात. तिथे रिंगण मोकळं ठेवतात आणि परीक्षकाला घाबरणाऱ्या कुत्र्याची सवय असते. तिथे भेटतील ती माणसं मात्र जाणकार असतात, त्यामुळे “नंबर काढणार” असं सहज कुणी म्हणत नाही. काही शोमध्ये मुलांसाठी वेगळी स्पर्धा असते. त्यात कुत्रा किती देखणा हे बघत नाहीत, मुलगा त्याला किती समजून हाताळतो हे बघतात. तुझ्या पोरासाठी मला तीच जास्त योग्य वाटते. चौकशी करा.

कागदांचं. जतहून मित्राने दिलेल्या पिल्लाला वंशावळीचा कागद बहुधा नसेल. देशी जातींच्या अशा कुत्र्यांची जाणकारांकडून तपासणी करून नोंदणी करून घेण्याची सोय क्लबने ठेवलेली आहे. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. अर्ज भरताना पोरगा गोंधळेल म्हणून आधीच सांगते: क्लबच्या दफ्तरी या जातीचं नाव कॅरव्हान हाउंड. सीमेपलीकडे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात त्याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात, मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जात जोपासली म्हणून. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळचं एक होतं. शो होवो न होवो, नोंदणी जरूर करा. आपल्या मातीतली ही जात कागदावर फार कमी आहे.

रेबीज आणि बाकीच्या लसी वेळेवर घेतलेल्या हव्यात, त्याचं कार्ड जपून ठेव. आणि शोला न्यायचं म्हणून बाजीला चारून गुबगुबीत करू नका. कारवानीच्या दोन-तीन बरगड्या आणि कंबरेची हाडं दिसायलाच हवीत. “उपाशी ठेवता काय” असं म्हणणारे पाहुणे येतील, येऊ देत.

आता तो फोनवाला. त्याचा नंबर ब्लॉक कर, असं मी तुझी सख्खी मावशी असते तर म्हटलं असतं, आणि नसूनही म्हणते. त्याला बाजीत जनावर दिसत नाही, पावती दिसते. एकच जिंकलेला नर जो तो आपल्या कुत्रीला लावून घेतो, आणि मग पाच-सात वर्षांत त्या भागातली पिल्लं एकमेकांची सावत्र भावंडं होऊन बसतात. त्या नराच्या रक्तात एखादा दोष असला तर तो सगळीकडे पोचतो. आधीच कमी असलेल्या जातीला हे परवडणारं नाही. शिवाय पैदाशीचा धंदा करायचा तर २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पिल्लं काढता येत नाहीत, दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. यातलं काही त्याने फोनवर सांगितलं का? उद्या तो “सशावर सोडून बघू, कसा धावतो” असंही म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि गुन्हा नोंदला जाईल तो कुत्र्याच्या मालकावर, म्हणजे तुझ्या मिस्टरांवर.

एवढं मात्र घरात मोकळं बोला: पुढे बाजीची नसबंदी करायची का? नसबंदी केलेल्या नराला अशा शोच्या वर्गांत सहसा उतरता येत नाही, त्यामुळे शोच्या नादात हा निर्णय वर्षानुवर्षं लांबतो आणि कुत्रं कुंपण ओलांडून गावभर फिरत राहतं. शो करायचा नसेल असं ठरलं तर उगाच थांबू नका, डॉक्टरांना विचारून उरकून घ्या.

तुझ्या मिस्टरांचं वाक्य मला अर्धं पटतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली पहिला मोठा डॉग शो झाला, तो शिकारीच्या कामाच्या कुत्र्यांचा, आणि बक्षीस काय, तर बंदुका. म्हणजे मुळात कामाचं कुत्रं ओळखायलाच माणसं जमली होती. पुढे त्याचं नटणं-मुरडणं वाढलं, ते मलाही आवडत नाही. पण रात्री दोन वाजता विहिरीकडे कोण आलंय हे बाजीला कळतं, ते कुठल्याही परीक्षकाला रिंगणात दिसणार नाही, हे तुझ्या मिस्टरांनी पोराजवळ एकदा बोलून दाखवावं. “मिरवायला नसतं” यापेक्षा “आपला बाजी आपल्याला माहीत आहे” हे पोराला ऐकायला हवंय. तुझ्या पत्रात बाप पोराशी शोवरून भांडतो एवढंच दिसतं. परका हात शिकवायला दुसरा माणूस लागणारच आहे. तो बापच असू दे. दोघं रोज तीन मिनिटं एका कुत्र्याभोवती बसतील, काही बोलले नाहीत तरी बसतील.

हट्टाखाली काय आहे ते तुला माझ्याआधी कळलं असणार. कागदावरच्या आकड्याने त्याला कमी ठरवलं आणि एका परक्या माणसाने त्याच्या कुत्र्याला चांगलं म्हटलं. त्या एका वाक्यावर पोरगा वर्षभर उभा आहे. त्याला शोला नेऊन किंवा न नेऊन हे मिटणार नाही. तू त्याला थेट सांग की बाजीला पट्ट्यावर चालायला, वेळेवर खायला आणि लस घेताना शांत राहायला ज्याने शिकवलं, ते काम मी बघितलं आहे. दहावीचं नाव काढू नकोस. गप्पपणा तरी वाढत गेला, खाणं-झोप बिघडली, तर समुपदेशकाकडे घेऊन जा, त्यात कमीपणा नाही.

खालचा भाग त्यालाच वाचायला दे.

बाळा, दात दाखवायची एक युक्ती आहे. तोंड उघडायचं नाही. डावा हात बाजीच्या हनुवटीखाली सैल धर, उजव्या अंगठ्याने वरचा ओठ हळूच वर, खालचा ओठ दुसऱ्या बोटाने खाली. नाकपुड्या झाकू नकोस, घाबरलेलं कुत्रं आधी श्वास शोधतं. “एक” म्हण, सोड, तुकडा दे. पहिले दहा दिवस “एक”च. “दोन”ची घाई करू नकोस. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे आणि त्यांना घासून बसलेले दिसतील, कात्रीच्या पात्यांसारखे. ते तुझ्या बाजीचे कसे बसलेत ते मला आईकडून कळव.