जठर नसलेल्या माशाला जेवू कसं घालायचं?

प्रश्न : आमच्या समुद्रघोड्याला सकाळी पोटभर खाऊ घालतो, तरी दुपारपर्यंत त्याचं पोट खपाटीला जातं. आजारी आहे का?

आजारी असेलच असं नाही. समुद्रघोड्याला जठरच नसतं. आपण जेवलो की अन्न काही तास जठरात साठतं, आम्लात भिजतं, मग थोडं थोडं पुढे सरकतं. याच्याकडे ती कोठीच नाही. गिळलेलं भक्ष्य थेट आतड्यात उतरतं आणि वाटेत पाचकरसांना जमेल तेवढंच पचतं. एकदम खूप खाल्लं की नवा घास जुन्याला पुढे रेटतो आणि अर्धवट पचलेलं बाहेर पडतं. म्हणून तेवढंच खाद्य दिवसातून दोन-तीनदा विभागून द्या. पिल्लांसमोर तर जवळजवळ दिवसभर जिवंत खाद्य हवं. अंगावरच्या कड्यांमधली जागा रोजच आत ओढलेली दिसत असेल, तर मात्र माशांच्या डॉक्टरांना दाखवा. आतड्यातले परजीवीही कारण असू शकतात.

प्रश्न : दात नसताना तो शिकार पकडतो कशी?

ओढून घेतो. शेपटीने गवताला धरून अगदी स्थिर राहतो. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून भक्ष्य हेरतो, मग हळूच तोंड जवळ नेतो. त्याच्या नळीसारख्या तोंडापुढचं पाणी फारसं हलतच नाही, त्यामुळे भक्ष्याला चाहूल लागत नाही. पुढच्या क्षणी डोकं झटक्यात वर उचलतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत. स्नायूबंधांत आधीच ताणून ठेवलेली ताकद इथे कामी येते. इवल्याशा बुटक्या समुद्रघोड्याचा हा झटका एका मिलिसेकंदाच्या आत संपतो. टाकीजवळ कान ठेवा, कधीकधी 'टक्' असा आवाजही ऐकू येतो. मला तो आवाज फार आवडतो.

प्रश्न : विष्ठेत अख्खे आर्टेमिया (खाद्य म्हणून दिलेले कोळंबीसारखे इवले जीव) दिसतात. खाद्य बदलू का?

बदला, पण सगळं नको. दात नाहीत म्हणजे चावणं नाही. कवच तसंच बाहेर येतं. भिंगाखाली ती विष्ठा पाहा: पारदर्शक, रिकामी टरफलं असतील तर आतला गर पचलाय. टरफलं भरलेली दिसली, तर एका वेळचं खाद्य कमी करा.

खरी अडचण वेगळी आहे. आर्टेमियात डीएचए हे गरजेचं मेदाम्ल फार कमी असतं. म्हणून खाऊ घालण्याआधी त्यांना ते असलेलं खाद्य चारावं लागतं. इथे घाई करून बरेच जण फसतात: अंड्यातून नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाला पहिले काही तास खाताच येत नाही. एकदा कात टाकली की मगच चारा. मोठ्या समुद्रघोड्यांना गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखेच छोटे जीव) उत्तम. ते आधी पूर्ण वितळू द्या, पाणी निथळून टाका.

प्रश्न : सोबत चपळ मासे ठेवले तर चालेल?

नको. हा सावकाश, पारखून खाणारा मासा आहे. तो तोंड जवळ नेईपर्यंत बाकीचे ताट साफ करतात. शिवाय उरलेलं खाद्य तासाभरात नळीने शोषून काढा. कुजलं की तेच जंतूंचं घर होतं.