‘वीन ऑफ’ : सोडणे, तोडणे की सोडवणे?

प्रश्न असा आहे : ‘कंट्रीज आर ट्राइंग टू वीन देमसेल्व्ह्ज ऑफ कोल’ या वाक्यातलं ‘वीन ऑफ’ म्हणजे साधं ‘गिव्ह अप’च का? ‘आय वीन्ड ऑफ शुगर’ असं म्हटलेलं चालेल का? आणि मराठीत याला काय म्हणायचं?

आधी मूळ अर्थ. ‘वीन’ म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. ते काही एका दिवसात होत नाही. एकेक वेळचं पाजणं कमी करत जायचं आणि त्या जागी दुसरं काहीतरी द्यायचं. हा सावकाशपणा क्रियापदात मुरलेलाच आहे. म्हणून ‘गिव्ह अप’ आणि हे एक नव्हे. ‘गिव्ह अप’ आज रात्री ठरवून उद्या सकाळी करता येतं. ‘सडनली वीन्ड ऑफ’ मात्र कानाला खटकतं. एका झटक्यात सोडण्यासाठी इंग्रजीत ‘कोल्ड टर्की’ हा वेगळा वाक्प्रचार आहेच.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आणि आपण तिथेच चुकतो. या क्रियापदाचं कर्म म्हणजे सवय नव्हे, सवय असलेला माणूस. ‘द डॉक्टर वीन्ड हिम ऑफ स्टेरॉइड्स’ : सोडवणारा डॉक्टर, सुटणारा पेशंट, आणि ज्यापासून सुटायचं ते ‘ऑफ’च्या पुढे. स्वतःच स्वतःला सोडवत असाल तर ‘आय वीन्ड मायसेल्फ ऑफ शुगर’. ‘मायसेल्फ’ गाळलेलं वाक्य बोलण्यात सर्रास ऐकू येतं, पण लेखी इंग्रजीत मी ते गाळणार नाही. ‘ऑफ’नंतर नाम येतं किंवा ‘यूझिंग’सारखं ‘इंग’वालं रूप. जुन्या किंवा जरा औपचारिक लेखनात ‘ऑफ’ऐवजी ‘फ्रॉम’ दिसेल, अर्थ तोच.

डोस कमी करत नेण्याला डॉक्टर ‘टेपर’ म्हणतात. तिथे कर्म औषध असतं : डोस टेपर होतो, पेशंट वीन होतो. (हॉस्पिटलात घाईघाईत औषधच ‘वीन’ केलं जातं, ते सोडा.) स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवण्यात आळशी होतात. गोळी एकदम बंद केली तर शरीराकडे स्वतःचं पुरेसं नसतं, म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात आणि ग्रंथींना पुन्हा कामाला लागायला वेळ देतात. व्हेंटिलेटरचंही तसंच : यंत्राचा आधार कमी करत न्यायचा आणि श्वास घेण्याचं काम पेशंटवरच सोपवत जायचं.

आता मराठी. ‘कोळशाचं दूध तोडणे’ कृपया नको, हसू येईल. ‘सोडणे’ अपुरं पडतं. ‘सोडवणे’ बरंच जवळचं आहे, कारण त्यात सोडवणारा आणि सुटणारा असे दोघे येतात : ‘डॉक्टरांनी त्याची झोपेची गोळी हळूहळू सोडवली.’ इथे ‘हळूहळू’ वेगळं लिहावंच लागतं. कोळशाच्या वाक्यात वर्तमानपत्रं ‘अवलंबित्व कमी करणे’ लिहितात. चूक नाही, पण कमी होणं म्हणजे सुटणं नव्हे आणि ‘वीन ऑफ’चा रोख शेवटी सुटण्याकडेच असतो. मी लिहीन : ‘कोळशावाचून भागवायची सवय हे देश स्वतःला लावू पाहताहेत.’

यात ‘सवय लावणे’ उगाच घातलेलं नाही. ‘वीन’चा पूर्वज, जुन्या इंग्रजीतला ‘वेनियन’, याचा अर्थच ‘सवय लावणे’ असा होता. दूध तोडण्यासाठी त्याला उपसर्ग जोडलेलं रूप होतं. पुढे उपसर्ग गळाला आणि अर्थ तेवढा उरला. याच कुळातल्या जर्मन भाषेत जोडी अजून शाबूत आहे : ‘गेव्योनन’ म्हणजे सवय लावणे, ‘एंटव्योनन’ म्हणजे ती सोडवणे.

जाता जाता एक सापळा. ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आलं की अर्थ पार उलटतो. ‘अ जनरेशन वीन्ड ऑन टेलिव्हिजन’ म्हणजे टीव्ही सुटलेली पिढी नव्हे, टीव्हीवरच पोसलेली पिढी. आणि कमी होत जाणे, ओसरणे या अर्थाचं ‘वेन’ हे निराळंच क्रियापद आहे. उच्चार जवळचे असल्याने लिहिताना या दोघांची गल्लत होते.