आधी बर्नर उघडा, मग ऑक्सिजनचं बोला

प्रश्न: गॅसवर चालणाऱ्या भट्टीच्या बर्नरची ज्योत लो फायरला (कमीत कमी आचेवर) बर्नरच्या तोंडापासून सुटून उचलली जाते आणि भट्टी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. कंबशन एअरमध्ये (जळणासाठी दिलेल्या हवेत) थोडा ऑक्सिजन मिसळला तर ज्योत स्थिर होईल का? किती टक्क्यांपर्यंत न्यावा?

उत्तर:

होईल. एवढंच हवं असेल तर पुढे वाचू नका. पण तुमच्या प्रश्नाने माझी जुनी खपली निघाली आहे, त्यामुळे मी काही इथे थांबणार नाही.

भांडुपला अ‍ॅल्युमिनियमचं भंगार वितळवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं मेन्टेनन्स सांभाळला. दोन रोटरी भट्ट्या होत्या. आधी एलडीओवर (लाइट डिझेल ऑइल) चालायच्या. पाइपचा गॅस आला तेव्हा शेठनी नवीन बर्नरचे पैसे वाचवले आणि जुन्याच ऑइल बर्नरच्या पोटात गॅसचा नोझल बसवून घेतला. तेलाची ज्योत पिवळी, जाड, सुस्त. बर्नरच्या तोंडाशी असलेल्या उष्णतारोधक ब्लॉकला चिकटून बसायची. गॅसच्या ज्योतीला रुसायला जरासं निमित्त पुरतं. तरी चार-पाच वर्षं बरी गेली.

२०१८ च्या जुलैत दोन नंबरची भट्टी रात्रपाळीत ट्रिप व्हायला लागली. नेमकी माल वितळून झाल्यावर, लो फायरला होल्डिंग (वितळलेला धातू नुसता गरम ठेवणं) चालू असताना. ज्योतीवर नजर ठेवणारा यूव्ही सेन्सर म्हणणार ज्योत गेली, गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद, मग पर्ज (नुसती हवा फुंकून भट्टीतला गॅस बाहेर काढणं), मग पुन्हा पायलट (पेटवणारी छोटी ज्योत). तोवर ब्लोअरची थंड हवा आत घुसून धातूवर साय धरलेली. ऑपरेटरचा फोन रात्री तीनला. मी मुलुंडहून स्कूटर काढायचो, एलबीएस मार्गावर चाकं बुडेपर्यंत पाणी, पोचेपर्यंत भट्टी पुन्हा पेटलेली असायची आणि ऑपरेटर चहा पाजायचा.

सगळ्यात आधी सेन्सर पाहिला. काच पुसली, अदलाबदल करून पाहिली. सेन्सर खोटं बोलत नव्हता, ज्योत खरंच जात होती. मी शेठना म्हटलं, बर्नर बाहेर काढू द्या, मला ब्लॉक आणि आतला पंखा बघायचा आहे. पंखा म्हणजे स्वर्लर, हवेला पीळ देणारी न फिरणारी पाती. त्यासाठी भट्टी थंड करायची म्हणजे दोन दिवस उत्पादन बंद. शेठ दोन तास द्यायला तयार नव्हते.

इथे माझी चूक झाली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, त्याला सगळी सासरची मंडळी जमतात. माझा धाकटा मेहुणा औद्योगिक वायू विकणाऱ्या एका कंपनीत सेल्सला होता. मोदक खाता खाता मी त्याच्यापाशी रडगाणं गायलो. पुढच्या आठवड्यात बघतो तर हा लॅपटॉप घेऊन शेठच्या केबिनमध्ये बसलेला. मला विचारलंसुद्धा नाही.

त्याचं म्हणणं असं: "भाऊजी, पावसाळ्यात हवेत वाफ जास्त, ऑक्सिजन कमी. तुमच्या भट्टीला श्वास पुरत नाही." हिशेब चूक नव्हता, हे मी आज मान्य करतो. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर हवेत जवळपास ३.८ टक्के वाफ असते आणि ऑक्सिजन २०.९ वरून २०.१ टक्क्यांवर येतो. पण मी तिथेच विचारलं, की मग एक नंबरच्या भट्टीचं काय? तीच हवा, तोच गॅस, तसलाच बर्नर, आणि ती एकदाही ट्रिप झालेली नाही. यावर शेठ म्हणाले, तू प्रत्येक गोष्टीत आडवा येतोस. मेहुणा माझ्याकडे न बघता स्लाइड पुढे सरकवत होता. डिसेंबरात हवा कोरडी झाली तरी ट्रिप चालूच राहिले, पण तोवर ऑर्डर गेलेली होती आणि ते कोणाला बघायचंच नव्हतं.

२०१९ च्या मार्चमध्ये द्रव ऑक्सिजनची टाकी उभी राहिली, द्रवाचा वायू करणारा व्हेपोरायझर आला, ब्लोअरच्या पुढच्या पाइपात हवेत ऑक्सिजन मिसळणारा डिफ्यूझर बसला. २३ टक्क्यांवर चालू केलं आणि ट्रिप बंद. खरोखर बंद. ऑपरेटरांना आता रात्री झोप मिळायला लागली. (मिळायला नको होती, पण ते असो.) शेठनी पेढे वाटले. पुढचे दोन गणपती मेहुण्याने आरतीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, "भाऊजींची भट्टी मी वाचवली."

तो थांबावा म्हणून नाही, तर तुम्हाला समजावं म्हणून सांगतो की त्याच्या ऑक्सिजनने नेमकं काय केलं. वायूचा पुढे जायचा वेग आणि ज्योतीचा मागे सरकायचा वेग यांचं जिथे जमतं तिथे ज्योत उभी राहते. मिथेन साध्या हवेत जळताना हा मागे सरकायचा वेग सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर असतो, शुद्ध ऑक्सिजनमध्ये तो तीन-चार मीटरवर जातो. म्हणजे जवळपास दहा पट. त्यात तुम्ही ऑक्सिजन दिलात की हवा कमी लागते: एक घनमीटर मिथेनला साधी हवा साडेनऊ घनमीटर, २५ टक्के ऑक्सिजनवाली फक्त आठ. नायट्रोजनचं ओझं कमी, नोझलमधला वेग कमी, मुळाशी तापमान जास्त. तिन्ही गोष्टी ज्योतीला खाली ओढून धरतात. मेहुणा खोटं बोलत नव्हता. तो फक्त उपाय आधी घेऊन आला होता आणि रोग नंतर शोधत होता.

मग २०२१ चा एप्रिल आला. दुसऱ्या लाटेत माणसांनाच ऑक्सिजन मिळेना, तेव्हा उद्योगांचा सगळा दवाखान्यांकडे वळवला. आमचा टँकर यायचा बंद झाला, ते योग्यच होतं, त्याबद्दल कारखान्यात कोणी चकार शब्द काढला नाही. टाकीत तळाला होता तोही देऊन टाकला. निर्यातीची ऑर्डर असल्यामुळे अर्ध्या माणसांवर भट्ट्या चालू होत्या. ऑक्सिजन बंद केला त्याच रात्री दोन नंबर चार वेळा ट्रिप झाली. एप्रिलमध्ये. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

आता शेठकडे दुसरा मार्गच नव्हता. भट्टी थंड केली, बर्नर ओढून काढला. पंख्याच्या आठ पात्यांपैकी तीन जळून गेलेल्या, एक वाकलेली. ब्लॉकला वरच्या बाजूने उभी चीर, बोट जाईल एवढी, आणि कडा तुटून तोंड वाकडं झालेलं. त्या पात्यांमुळे हवेला पीळ पडतो, मध्ये पोकळी तयार होते आणि जळालेला गरम वायू मागे फिरून नव्या मिश्रणाला पेटवत राहतो. चुलीत दगडाच्या आडोशाला जाळ टिकतो, तसा. आमचा आडोसाच मोडलेला होता. फुल फायरला भट्टीची लाल भिंत ज्योतीला सांभाळून घ्यायची, लो फायरला ती उघडी पडायची. एक पातं २०१८ सालीच गेलेलं असणार. बाकीची ऑक्सिजनच्या दोन वर्षांत गेली, कारण ज्योत मुळाशी घट्ट बसली म्हणजे उष्णताही तिथेच बसली. मिथेनची ज्योत हवेत साधारण १९५० अंशांपर्यंत जाते, शुद्ध ऑक्सिजनमध्ये २७५० च्या वर. २५ टक्क्यांवर तुम्ही तिथे पोचत नाही, पण त्या दिशेने निघालेले असता, आणि जुन्या ऑइल बर्नरचं पातं त्यासाठी बनवलेलं नसतं.

कुर्ल्याच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून नवीन पंखा करून आणला, ब्लॉक कास्टेबलने (उष्णता सोसणारं काँक्रीट) नवा ओतला, सुकवून हळूहळू तापवला. चौथ्या दिवशी साध्या हवेवर भट्टी पेटली. तो अख्खा पावसाळा ती लो फायरला एकदाही विझली नाही. २०.१ टक्क्यांच्या हवेवर. गणपतीला मी विषय काढला, तर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, अजून एक मोदक घ्या."

आता तुमचं. तुम्ही भट्टी कसली, बर्नर नोझल मिक्स (गॅस आणि हवा तोंडाशी मिसळतात) की प्रीमिक्स (आधीच मिसळून येतात), काहीच लिहिलेलं नाही. प्रीमिक्स असेल तर ऑक्सिजनचा विचार इथेच सोडा, फ्लॅशबॅक होऊन, म्हणजे ज्योत पाइपात मागे शिरून, मिक्सरच पेटेल. नोझल मिक्स असेल तर पहिल्यांदा लो फायरला हवेचा आणि गॅसचा दाब मॅनोमीटरवर (दाब मोजायची नळी) मोजा. लो फायरला गॅस कमी होतो, पण डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) झिजलेला असेल तर हवा त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि ज्योत जास्तीच्या हवेने उडते. या रोगावर ऑक्सिजन हे औषध नाही. मिथेनची जळण्याची खालची मर्यादा हवेतही ५ टक्के आणि ऑक्सिजनमध्येही जवळपास तेवढीच. वाढते ती वरची, १५ वरून ६० च्या आसपास. म्हणजे गॅस कमी पडून विझणाऱ्या ज्योतीला तुम्ही आणखी ऑक्सिजन पाजून फार काही मिळवत नाही. तिथे हवा कमी करा, फुकटात काम होतं. (नोझल मिक्समध्ये सगळीकडे मिश्रण सारखं नसतं, त्यामुळे थोडा फरक पडेल. पण डँपरची पट्टी बदलणं शंभर पटींनी स्वस्त आहे.)

तरीही ऑक्सिजनच द्यायचा असेल तर आधी पैशाचा हिशेब करा. ताशी ५०० घनमीटर हवा २३ टक्क्यांवर न्यायला ताशी साधारण साडेतेरा घनमीटर ऑक्सिजन लागतो. मोठ्या सिलेंडरमध्ये ७ घनमीटर असतो. म्हणजे तासाला दोन सिलेंडर, २५ टक्के करायचे तर चार. सिलेंडरवर ट्रायल घेता येते, भट्टी चालत नाही. टाकी आली की पेसोचा (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणारं केंद्र सरकारचं खातं) परवाना आला.

टक्के विचारलेत म्हणून सांगतो: ज्योत टिकवण्यापुरतं काम असेल तर एक-दोन टक्क्यांची वाढ पुरते, २३ च्या पुढे जायचं कारण नाही. २३.५ च्या वर गेलात की ती हवा राहत नाही, पाइप, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळं ऑक्सिजनचं म्हणूनच धरावं लागतं. त्याहून शहाणपणाचं म्हणजे सगळ्या हवेत मिसळण्यापेक्षा ज्योतीच्या मुळाशी बारीक नळीने थोडासाच सोडणं. आणि ऑक्सिजन वाढवला की हवा तेवढी कमी करायलाच हवी. आमच्याकडे सुरुवातीला कोणी केली नाही, तर ड्रॉस (वितळलेल्या धातूवर साचणारा ऑक्साइडचा मळ) एवढा वाढला की शेठ भंगारवाल्याला शिव्या देत होते. शिवाय नॉक्स (नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) वाढतो, कारण नायट्रोजन आहेच आणि ज्योत अधिक गरम.

सुरक्षेचं खरं तर आधी लिहायला हवं होतं. डिफ्यूझर कायम ब्लोअरच्या पुढे, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूला, मागे कधीच नाही, कारण ब्लोअरच्या बेअरिंगला ग्रीस असतं आणि ते ऑक्सिजनमध्ये पेट घेतं. ऑक्सिजनच्या कुठल्याही फिटिंगला तेलाचा हात लागता कामा नये, व्हॉल्व्ह हळू उघडायचा. ब्लोअर बंद पडला किंवा ज्योत गेली की ऑक्सिजनचा सोलेनॉइड आपोआप बंद झाला पाहिजे. आणि ट्रिपला कंटाळून कोणी फ्लेम रिले (ज्योत गेली की गॅस बंद करणारं उपकरण) वायर जोडून बायपास करून ठेवला असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ती वायर काढा.

आता मेहुण्याच्या बाजूने एक गोष्ट, नाहीतर बायको हे वाचून बोलेल. ऑक्सिजनवर आमचा एक चार्ज (एका वेळी भट्टीत टाकलेला माल) वितळायला साधारण चार तासांऐवजी तीन लागायचे. नवीन ब्लॉक बसल्यावर शेठनी टाकी ठेवली, २०२१ च्या शेवटी पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर वितळवतानाच तेवढा ऑक्सिजन द्यायला लागले, होल्डिंगला बंद. त्यात त्यांचा फायदाच होता आणि तो मी नाकारत नाही. कमी उष्मांकाचा गॅस असेल, प्रोड्यूसर गॅससारखा (कोळसा किंवा लाकूड अर्धवट जाळून केलेला), तर तिथेही ऑक्सिजनशिवाय ज्योत धरणं कठीण जातं. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर ते कारण लागू होत नाही.

बर्नर उघडलात तर पात्यांचा आणि ब्लॉकचा फोटो टाका. लो फायरचे दोन्ही दाबही लिहा, मी बघून सांगतो.