स्पायनल दिल्यावर बीपी उतरलं तर बाळाचं काय?

३७वा आठवडा, दुसरं सिझेरियन ठरलेलं. बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं : "मागच्या वेळी पाठीत इंजेक्शन देऊन आडवं केलं आणि लगेच जीव घाबरला, उलटी झाली. बीपी उतरलं म्हणाले. या वेळी पूर्ण भूलच द्या."

त्यांना आधी कारण सांगितलं. स्पायनलच्या, म्हणजे पाठीतल्या त्या इंजेक्शनच्या, औषधाने रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर होतात. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचतं. त्यात उताणं झोपलं की गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं. म्हणून उजव्या कमरेखाली उशी देतात किंवा टेबल डावीकडे १५ अंश कलवतात. खरं तर एवढ्याने शीर पुरती मोकळी होत नाही. ३० अंशांत बरीच होते, पण तेवढ्या उतारावर शस्त्रक्रिया अवघड. त्यामुळे मुख्य भिस्त औषधावर. इंजेक्शन दिल्याबरोबर फेनिलएफ्रिन या वाहिन्या आवळणाऱ्या औषधाचा ड्रिप, बहुधा मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम, आणि त्याच वेळी सलाईन जोरात. अर्धा तास आधी चढवलेलं सलाईन वाहिन्यांत फारसं टिकत नाही.

बाईंचं वरचं बीपी एरवी १२०. ते १०८च्या वर राखायचं, ९६च्या खाली गेलं तर तत्काळ बीपी वाढवणारा डोस. नाडी मंदावली असेल तर इफेड्रिन, ते बीपीबरोबर नाडीही वाढवतं.

बाळाला रक्त आईच्या बीपीवरच मिळतं, म्हणून बीपी उतरलं तर बाळाचं काय, ही त्यांची भीती रास्तच. पण लगेच सावरलेली घसरण बाळाला सहसा बाधत नाही. रेंगाळलेली बाधू शकते. उलट पूर्ण भुलीत गरोदरपणी श्वासनळीत नळी घालणं जास्त अवघड, पोटातलं फुफ्फुसात जाण्याचा धोकाही असतो.

मग त्यांच्याकडून काय हवं? मागचा प्रकार भूलतज्ज्ञांना आधीच सांगणं. टोचताना हनुवटी छातीला, खांदे सैल, पाठ बाहेर काढून स्थिर बसणं. आणि आडवं झाल्यावर मळमळ, गरगर, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही वाटलं की तिथल्या तिथे बोलणं. दंडावरचा बीपीचा पट्टा मिनिटामिनिटाला फुगतो, तरी मळमळ पुष्कळदा बीपीच्या आकड्याच्या आधी येते. "डॉक्टर कामात आहेत, कशाला त्रास द्या" म्हणून बायका गप्प राहतात, तिथेच वेळ जातो.

छाती बधिर झाल्याने श्वास लागल्यासारखं वाटतं, ते वेगळं. आवाज खणखणीत आणि हाताची मूठ घट्ट असेल तर बहुधा काळजी नसते, पण सांगायचं तेही.