वाचकांचे प्रश्न : अक्षरं येतात, मग वाचन का अडतं?

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगतो, पण वाचताना पहिलं अक्षर बघून ‘कागद’चा ‘कावळा’ करतो. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते. चुकलेला शब्द वीस-वीस वेळा लिहून घेतला, फरक नाही. तपासणी करावी का?

उत्तर : करावी. ऐकून छान समजतं आणि तेच वाचायला दिलं की अडतं, ही तफावत डिस्लेक्सियात, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं त्या अडचणीत, अनेकदा दिसते. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. तिथे दोष नसेल तर मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन आणि वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या होतात. चाचणी मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत व्हायला हवी. नाहीतर अडचण वाचनाची की भाषेची, हे कळायला मार्ग राहत नाही. अहवालासाठी घरचा सराव मात्र थांबवू नका.

वीस वेळा लिहिणं बंद करा. दोन-तीन ओळींनंतर हात चालतो आणि डोकं थांबतं. मध्येच एक चूक झाली तर खाली तीच उतरत जाते. त्याऐवजी रोज पंधरा मिनिटं द्या. रविवारी दोन तास बसवून तेवढा उपयोग होत नाही.

पहिली पाच मिनिटं पुस्तक मिटून, फक्त आवाजांचा खेळ. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘काठी’तल्या ‘का’च्या जागी ‘गा’ ठेवला तर? हे जमत नसेल तर मूळ अडचण इथेच आहे, कारण शब्दातले आवाज सुटे ऐकू आल्याशिवाय ते अक्षरांना जोडता येत नाहीत.

पुढची पाच मिनिटं एकाच खुणेला द्या. ह्रस्व वेलांटी घ्या. ‘कि’ लिहिताना खूण आधी दिसते, आवाज मात्र नंतर येतो. रफार तर आणखी फसवा : ‘सूर्य’मध्ये ‘र्’ आधी ऐकू येतो आणि त्याची खूण पुढच्या ‘य’च्या डोक्यावर बसते. अक्षर एका रंगात, खूण दुसऱ्या रंगात लिहा. त्या खुणेचे आठ-दहाच शब्द घ्या. ‘प्र’ आणि ‘र्प’ एकाच दिवशी शिकवू नका, हमखास गोंधळ होतो.

उरलेल्या वेळात साठ-सत्तर शब्दांचा एकच उतारा तीनदा : एकदा दोघांनी मिळून, मग दोनदा त्याने एकट्याने. दर दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चुका होत असतील तर उतारा अवघड आहे, सोपा घ्या. अडला की तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगा आणि पुढे जा. प्रत्येक चुकीला टोकलं तर वाक्याचा अर्थच हातातून सुटतो. आणि एक खबरदारी घ्या. अशी मुलं पुस्तकातला धडा ऐकून पाठ करतात आणि वाचल्यासारखा म्हणून दाखवतात. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, लगेच कळतं.

इतिहास, विज्ञान यांचं वाचन त्याच्यावर सोडू नका, ते वाचून दाखवा किंवा ध्वनिमुद्रण ऐकवा. वाचन मागे आहे म्हणून माहितीही मागे पडू देण्याचं कारण नाही.

प्रश्न : मुलगी चौथीत. ‘त्रेसष्ट’ सांगितलं की ३६ लिहिते, ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६९. पाढे आज पाठ, उद्या साफ. ही गणिताची अक्षमता का?

उत्तर : नुसत्या एवढ्यावरून म्हणता येणार नाही. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात, पण संख्या पन्नाशीतली. इथे पुष्कळ मुलं ठेचकाळतात. म्हणून नावं बाजूला ठेवून पाहा. नुसते आकडे दाखवून ६३ मोठे की ५८, हे विचारा. तीन-चार मणी तिला न मोजता ओळखता येतात का? ८ + ३ करताना आठच्या पुढे मोजते, की पुन्हा एकपासून? चौथीतही एकपासून सुरुवात होत असेल तर तपासणी करून घ्या.

सरावाला काड्या घ्या. दहा-दहाचे सहा गठ्ठे, तीन सुट्या. आधी ‘साठ आणि तीन’ म्हणायचं, मग लिहायचं, शेवटी ‘त्रेसष्ट’. पाढ्यांत २, ५, १० आधी पक्के करा. मग ७ × ६ म्हणजे ५ × ६ आणि २ × ६, तीस अधिक बारा. उदाहरणं सोडवताना पाढ्यांचा तक्ता समोर असू द्या. तिथे रीत शिकायची आहे, पाठांतराची परीक्षा घ्यायची नाही.

प्रश्न : रंगीत काचांचा चष्मा लावून डिस्लेक्सिया बरा होतो म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : नको. नंबर असेल तर नेहमीचा चष्मा लावा. रंगीत काचांमुळे वाचन सुधारतं याला भरवशाचा पुरावा नाही. ते पैसे शिकवणीला लागू द्या.

प्रश्न : वय २९. कार्यालयीन मेल वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, लिहिताना अक्षरं गळतात. शाळेतही हेच होतं. आता काही होईल का?

उत्तर : डिस्लेक्सिया वयाबरोबर जात नाही, पण मोठेपणीही तपासणी होते आणि काम सोपं करता येतं. लांब मजकूर फोनकडून किंवा संगणकाकडून वाचून घ्या आणि त्याच वेळी डोळ्यांनी ओळींवरून जा. मेल बोलून लिहा आणि पाठवण्याआधी यंत्राकडून ऐका. गळलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, कानाला खटकतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र ऐकून सापडत नाहीत, त्यासाठी शुद्धलेखन तपासनीस वापरा. वरिष्ठांना ‘मला त्रास होतो’ एवढंच सांगितलं की सहानुभूती मिळते, सोय मिळत नाही. नेमकं मागा : बैठकीची कागदपत्रं एक दिवस आधी, तोंडी सूचनांमागून दोन ओळींचा लेखी निरोप, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचं काम दुसऱ्याकडे. पुढे एखाद्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर अहवाल किती जुना चालतो, हे अर्ज भरण्याआधी विचारा.