प्रयोगशाळेतील मेंदू आणि अल्झायमर

प्रश्न : अल्झायमर झालेली माझी आई अबोलीचा वळेसर अजून बिनचूक गुंफते, पण माझे नाव विसरते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूचा तिला उपयोग होईल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : वाढवतात ते पूर्ण मेंदू नव्हे, तर काही मिलिमीटरांचे ऊतींचे गोळे. रुग्णाच्या त्वचेतील पेशींना मूळपेशींच्या (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींच्या) अवस्थेत नेऊन त्यांपासून चेतापेशी घडवतात. मेंदूचे अनेक भाग दाखवणारे असे गोळे लँकेस्टर व क्नोब्लिख या संशोधकांनी २०१३ मध्ये व्हिएन्नात तयार केले. अल्झायमरमध्ये जिवंत रुग्णाच्या मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने कशी साचत जातात, हे पेशीपातळीवर पाहता येत नाही. या गोळ्यांत ते पाहता येते, म्हणून ते मोलाचे. मात्र ते गर्भाच्या मेंदूइतके कोवळे असतात, आणि उतारवयाच्या आजारासाठी हीच मला मोठी उणीव वाटते. आईंवर आज यातून उपचार होणार नाहीत. वळेसर त्यांना जरूर गुंफू द्या; हाताच्या सवयीची स्मृती बहुधा नावांच्या स्मृतीनंतर ओसरते.