रानमोडी आधी उपटावी की रोपे आधी लावावीत?

प्रश्न : म्हादई अभयारण्याला लागून असलेल्या आमच्या गावच्या युवक मंडळाने गेल्या पावसाळ्यात रानमोडी हे झुडपी तण माजलेला मोठा पट्टा कोयत्याने साफ करून तेथे किंदळ, माट्टी या रानझाडांची व भिरंडीची (कोकमाची) रोपे लावली. दिवाळीपर्यंत रानमोडी पूर्वीपेक्षा दाट झाली आणि बहुतेक रोपे तिच्याखाली दबून मेली. यंदा काय करावे?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : तुमच्या श्रमांचे चीज झाले नाही याचे फार वाईट वाटले, परंतु श्रम कमी पडले नव्हते, सुरुवातीची जागा चुकली होती. मूळची अमेरिका खंडातील ही रानमोडी उन्हावर पोसते. ती छाटली की बुडख्यातून पुन्हा फुटते, आणि मोठा पट्टा एकदम उघडा पडला की मातीतले तिचे बीही रुजून येते.

सिडनीच्या मॉसमन भागातील जोन व आयलीन ब्रॅडली या भगिनींनी १९६०च्या दशकात तेथील रान हाताने तण काढून सावरले. जेथे मूळचे रान चांगले टिकले आहे तेथून तणाकडे सरकायचे, माती कमीत कमी उकरायची आणि रान ज्या गतीने भरून येईल त्यापेक्षा जास्त सफाई करायची नाही, अशी त्यांची शिस्त होती. आपल्याकडेही देवराईच्या किंवा सावलीच्या रानाच्या कडेपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

उपटण्यापूर्वी उकिडवे बसून रानमोडीच्या बुडाशी नीट पाहा. दोन फाट्यांचे पान दिसले तर ते जांभा या रानझाडाचे रोप असू शकते. एखाद्या जुन्या खुंटाला किंदळीचा फुटवाही आलेला असतो. गेल्या वर्षी अशी किती रोपे कोयत्याखाली गेली असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते. अशा प्रत्येक रोपाजवळ काठी रोवा, मगच भोवतालची रानमोडी मुळाच्या गाठीसकट ओढून काढा. पावसात माती मऊ असताना ती सहज निघते. उपटलेले झुडूप मुळे वर करून फांदीवर अडकवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हललेली माती पायाने दाबून तिच्यावर पालापाचोळा सारावा.

शेवटची फेरी फुलोऱ्याआधी, नोव्हेंबरात संपवा, कारण पुढे तिचे बी वाऱ्यावर पसरते. वाळलेली रानमोडी मात्र कधीही पेटवू नका. मार्च २०२३ मध्ये म्हादईसह गोव्याच्या जंगलांत लागलेल्या आगी आपण पाहिल्या आहेत, आणि जळालेल्या उघड्या जागेत रानमोडीच पुन्हा आधी येते.

प्रत्यक्ष अभयारण्याच्या हद्दीत काम करायचे असल्यास वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये लेखी परवानगी लागते. त्यासाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज द्यावा.

रोपे लावण्याची घाई करू नये. दोन पावसाळ्यांनंतरही जेथे आपोआप काहीच उगवले नाही, तेवढ्याच जागी जवळच्याच रानातील बियांपासून वाढवलेली रोपे लावा, आणि भिरंडीला सावलीची जागा द्या.